साहेबांच्या वडिलांचं डिपॉझिट

इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक गाव मी कधीही पाहिलेलं नाही, पण तिथून कोण निवडून आलं, कोण पडलं आणि कोण पडूनपडून पुन्हा उभं राहिलं, हे मला आजही विचारा. माझ्या स्वतःच्या तालुक्याचे आमदार मला ओळीने सांगता येणार नाहीत, पण त्या मतदारसंघाचे खासदार येतात. याला कारण फुजैरातली माझी नोकरी.

नव्वदच्या दशकात आम्ही अमिरातीतल्या फुजैरात राहत होतो. नवरा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन, मुलगी चौथीत, आणि मी बंदराजवळच्या एका लहानशा सर्व्हे ऑफिसात सेक्रेटरी. जहाजांना तेल भरून देणं हा त्या बंदराचा धंदा. किती तेल दिलं यावरून देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण नको म्हणून टाकीत फीत सोडून तेल मोजणारा तिऱ्हाईत लागतो, ते काम आमचं. फितीवरचा आकडा वाचायचा, मग त्या टाकीच्या तक्त्यात बघायचं की एवढ्या आकड्याला किती तेल. आकडा अचूक वाचला आणि तक्ता दुसऱ्याच टाकीचा घेतला, की सगळं करून मुसळ केरात. नव्याने आलेल्या सर्व्हेयरना मीच दरडावायची, "पहले टेबल चेक करो, भाई, रीडिंग बाद में!" हे वाक्य पुढे माझ्याच गळ्यात पडणार होतं.

आमचे साहेब इंग्रज. उंच, उन्हाने कायमचे लाल झालेले, आणि दिवसातून वीस वाक्यांच्या वर न बोलणारे. निवृत्तीला सहा महिने राहिले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर हस्तलिखित कागदांचा एक गठ्ठा ठेवला आणि म्हणाले की हा त्यांच्या गावच्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास आहे, टाइप करून द्याल का? सवड मिळेल तसं. पुस्तक छापायचंय, चाळीसच प्रती. गावी म्हातारे वडील आहेत, नव्वदीला टेकलेले. जाताना त्यांच्या हातात द्यायचंय.

मी म्हटलं, "शुअर सर." मनात म्हटलं, माणसं निवृत्त झाली की बागकाम करतात, हे काय खूळ!

पण टाइप करता करता मला त्या गावाची गोडी लागली. सुरुवातीच्या काळात तिथे गुप्त मतदान नव्हतं. मतदाराने चारचौघांत आपलं मत मोठ्याने सांगायचं, आणि निवडणूक झाली की कुणी कुणाला मत दिलं याची चक्क छापील पुस्तिका विकली जायची. घरमालकाच्या माणसाला मत दिलं नाही तर खोली खाली करा. मला हसू आलं. आमच्या गावात पुस्तिका न छापताच सगळ्यांना सगळं कळतं. एका वर्षी तिथे एकच उमेदवार उभा राहिला आणि बिनविरोध निवडून आला. साहेबांनी त्यावर नाराजीचा अख्खा परिच्छेद लिहिला होता. आमच्याकडे बिनविरोध म्हणजे गावाची शान. मी तसं सांगितलं तर साहेब म्हणाले, मत द्यायलाच मिळालं नाही यात शान कसली? मी पुढचं पान टाइप करायला घेतलं.

शेवटी होता निकालांचा मोठा तक्ता. वर्ष, उमेदवार, पक्ष, मतं. ज्यांचं डिपॉझिट जप्त झालं त्यांच्या नावापुढे चांदणी द्यायची होती. साहेबांनी काही ठिकाणी ती दिली होती, काही ठिकाणी राहिली होती. म्हणाले, "राहिलेल्या तुम्ही भरा. डिपॉझिट म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत आहे ना! अख्ख्या अमिरातीत माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार?

माझे वडील कोकणातल्या तालुक्याच्या गावी वह्यापुस्तकांचं दुकान चालवत. मी सातवीत असताना ते विधानसभेला अपक्ष उभे राहिले. निशाणी शिडी. एकूण मतांच्या सहाव्या हिश्शाइतकीही मतं मिळाली नाहीत तर अनामत रक्कम सरकारजमा होते, हे त्या वर्षी आमच्या घरात आरतीसारखं घोकलं गेलं. मिळाली नाहीत. सहावा हिस्सा सोडाच, त्याच्या आसपासही नाहीत. पुढे कित्येक वर्षं बाजारात लोक हसून विचारायचे, "काय हो, शिडी होती ना? मग चढलात कुठे?" वडील हसायचे आणि गिऱ्हाइकाला वही बांधून द्यायचे. घरात मात्र त्या निवडणुकीचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही. कुणी काढला तर ते उठून दुकानात जायचे. मला त्यांचा मतांचा आकडा पाठ होता, पण तो मी त्यांच्यासमोर उच्चारला नाही.

तेव्हा मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि त्या इंग्रज गावातल्या प्रत्येक पडलेल्या माणसाला सहाव्या हिश्शाच्या काट्यावर तोललं. कमी भरला की चांदणी. कुणावर दया नाही. साहेबांच्या आडनावाचा एक उमेदवारही पन्नासच्या दशकात आडवा आला. तिथे ते आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं, तक्त्यात आणखी तिघे होते. तोही सहाव्या हिश्शाला थोडक्यात कमी पडत होता. दिली चांदणी आणि पुढे गेले. साहेबांनी नंतर मतांचा एकूणएक आकडा तीनदा ताडून पाहिला. चांदण्या कोण बघतं?

छपाई डोंगरापलीकडच्या उम्म अल कुवैन शहराच्या इंडस्ट्रियल एरियात. प्रेसवाले कोल्हापूरकडचे, आमच्या ओळखीचे. मी फ्लॉपी पाठवली. अर्पणपत्रिका तेवढी साहेबांनी स्वतः गाडी काढून नेऊन दिली. मला दाखवलीसुद्धा नाही.

साहेबांचं विमान रविवारी. प्रती आल्या गुरुवारी सकाळी. साहेब समुद्रात एका जहाजावर गेले होते, चार वाजता येणार होते. प्रेसवाल्या भाऊंनी खोकं माझ्यासमोर उघडलं. "वहिनी, बघा, आर्ट पेपर लावलाय. जाड. एकदम फर्स्ट क्लास काम, खलास!"

मी पहिलं पान उलटलं. अर्पणपत्रिकेत दोनच ओळी होत्या. "माझ्या वडिलांना. ते निवडणूक हरले, पण त्यांनी डिपॉझिट वाचवलं."

मी तक्त्याचं पान काढलं. ते आडनाव, ते पन्नासचं दशक, आणि नावापुढे माझी चांदणी.

खरं सांगते, मला पहिल्यांदा माझी चूक वाटलीच नाही. मला वाटलं, म्हातारा आयुष्यभर मुलाशी खोटं बोलला. डिपॉझिट गेलं आणि घरी येऊन वाचलं म्हणून सांगितलं. माझा जीव साहेबांसाठी तुटला. एक प्रत पिशवीत टाकून मी जेवायला घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. "बिचाऱ्या साहेबांना आता कुणी सांगायचं, तुमच्या बापाने थाप मारली म्हणून?"

नवरा ताक पीत होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "पण तिकडेही सहावाच हिस्सा असतो का?"

"म्हणजे काय! जगात सगळीकडे सहावाच."

"तू जग कधी चेक केलंस?"

मी चिडले. चिडले म्हणजे आत कुठेतरी शंका आली. त्याला तशीच गाडी काढायला लावून ऑफिसात परत आले आणि साहेबांचं निवडणूक कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडलं. उत्तर दोन मिनिटांत मिळालं. त्या काळी त्यांच्याकडे आठवा हिस्सा होता. पुढे ऐंशीच्या दशकात तो विसाव्यावर आणला. साहेबांच्या वडिलांना आठव्या हिश्शाच्या वर मतं पडली होती. म्हाताऱ्याने थाप मारली नव्हती. मीच त्याचं डिपॉझिट जप्त केलं होतं, त्याच्या मुलाच्या पुस्तकात, आर्ट पेपरवर.

मला रडू आलं, ते साहेबांमुळे नाही. बाजारात वही बांधून देणारे माझे वडील डोळ्यांसमोर आले. एवढं सोसलेल्या माणसाच्या मुलीने दुसऱ्या कुणाच्या वडिलांना तोच डाग लावावा?

नवरा म्हणाला, "प्रेसवाल्याला फोन करू? सॅटर्डेला नवीन पानं मारून देईल, इन्शाल्ला."

"इन्शाल्लावर मी हे सोडणार नाही," मी म्हटलं. "आधी सरांना सांगते."

चार वाजता साहेब आले, अंगाला तेलाचा वास, हातात फितीची पेटी. मी चहा दिला, पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि बोट चांदणीवर ठेवून सगळं सांगितलं. सहावा हिस्सा, शिडी, माझे वडील, सगळं. एकही सबब दिली नाही. साहेबांनी पान जवळ ओढून ती ओळ वाचली. मग म्हणाले की गावच्या पबमध्ये चाळीस वर्षं लोक वडिलांना चिडवत आले, डिपॉझिट गेलं म्हणून. वडील सांगून सांगून थकले. म्हणून हे पुस्तक. आणि मग माझ्याकडे बघून इंग्रजीत एवढंच म्हणाले, "राइट डिप, राँग टेबल."

आकडा बरोबर, तक्ता चुकीचा. माझंच वाक्य. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी चाळीस प्रती आमच्या जेवणाच्या टेबलावर आल्या. उपाय नवऱ्याचा. ट्रेसिंग पेपरवर रेघ चुकली तर ड्राफ्ट्समन ती पुसत नाहीत, खरवडतात. दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचं, आडवं धरायचं, श्वास रोखून शाई तेवढी उचलायची आणि मग नखाने जागा घोटायची. जाड आर्ट पेपर होता म्हणून जमलं. माझ्या अकरा चांदण्या चुकीच्या होत्या. चाळीस प्रतींत प्रत्येकी अकरा. साहेबही येऊन बसले, पण त्यांचा हात जड. दुसऱ्याच चांदणीला पान फाडतात की काय असं वाटून मी त्यांच्या हातातून ब्लेड काढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा साहेबाला काम करू नका म्हणून सांगितलं. मग ते आणि मुलगी राखेसारखा कागदाचा चुरा फुंकत बसले.

"आई, व्हाय कान्ट दे जस्ट प्रिंट इट अगेन?" मुलीने विचारलं.

"कारण चूक माझी आहे. फुंक."

"बट इट्स सो मेनी!"

"यल्ला, फुंक म्हटलं ना."

साहेबांच्या वडिलांच्या नावापुढची चांदणी चाळीसही प्रतींत मी स्वतः काढली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत पान उजेडाकडे तिरपं धरल्याशिवाय काही कळणार नाही इतकं स्वच्छ झालं. काम मी चोख करते, चुकीचंसुद्धा आणि दुरुस्तीचंसुद्धा. रविवारी साहेब गेले. निघताना हात पुढे केला आणि माझा हात हातात धरला.

दीड महिन्याने पत्र आलं. आमच्या साहेबांचं अक्षर, पण वाक्यं वीसच्या पुष्कळ वर. वडिलांनी भिंग घेऊन पुस्तक दोन दिवसांत वाचलं. आपल्या नावाशी पोहोचल्यावर त्यावरून बोट फिरवलं, थांबले आणि विचारलं, "इथे कागद खडबडीत का? काय होतं इथे?" म्हाताऱ्याच्या बोटांना फसवता आलं नाही. साहेबांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. वडील खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, म्हणजे मी भारतात उभा राहिलो असतो तर पबमधले लोक खरे ठरले असते! मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, त्या बाईंचे वडील पुन्हा उभे राहिले का? साहेबांना माहीत नव्हतं. तेव्हा त्यांनी एक निरोप लिहायला सांगितला, आणि साहेबांनी तो जसाच्या तसा लिहिला होता. "त्यांना सांगा, मी पुन्हा उभा राहिलो नाही, याचा मला अजून पस्तावा होतो. हरल्याचा कधीच झाला नाही."

शुक्रवारी फोनचा दर कमी असायचा. मी गावी फोन लावला. आईने घेतला, मी म्हटलं, बाबांना दे. त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चांदणीसुद्धा, शिडीसुद्धा. वीस वर्षांत तो शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा काढला होता. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, उठून दुकानात गेले. घाईघाईने मी निरोप वाचून दाखवला आणि थांबले.

मग बाबांनी घसा खाकरला.

"किती पडली त्यांना?"

मी आकडा सांगितला.

"बरी पडली की," ते म्हणाले. "पण त्यांच्यामागे पक्ष होता. मी अपक्ष." आणि मी न विचारता त्यांनी मला आपला आकडा सांगितला, गावांप्रमाणे, कुठल्या वाडीत किती ते सुद्धा. एकही मत ते विसरले नव्हते. मी पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिले, आणि मला सगळं पाठ आहे हे त्यांना कळू दिलं नाही.