एक बिडी वळून होईपर्यंत

कुडव्याच्या मावशींनी मला जगवलं, हे आधी लिहून ठेवतो. कुडवा हे गोंदियाजवळचं गाव, मावशी म्हणजे तिथली माझी घरमालकीण. नात्यातल्या नाहीत, गावाकडच्या तर नाहीतच. डॉक्टरांचे उपकार आहेत, त्यांच्या यंत्राचेही असतील, पण ते दोघे नंतर आले. आधी मावशी, त्यांचं सूप आणि त्यांची कात्री. असं लिहिलं की वाचणाऱ्याला काही उमगणार नाही, हे मला माहीत आहे. मलाही बराच काळ काही उमगलं नव्हतं.

मी मिरजेच्या पुढच्या एका खेड्यातला. आठवी अर्ध्यात सोडली. एका ओळखीच्या माणसाच्या मागे गोंदियाला आलो. तो महिन्याभरात परत गेला, मी राहिलो. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या एका मिलमध्ये बॉयलरवर रात्रपाळी मिळाली. धानाचा कोंडा भट्टीत लोटायचा आणि पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची. पाणी खुणेच्या खाली आलं की पंप चालू करायचा. काम एवढंच. पण पाणी आटलं आणि कोणाचं लक्ष नसलं तर काय होतं, हे मिस्तरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे काय, त्याने नुसता छपराकडे हात केला होता. घरी मी पत्रात ‘बॉयलर सांभाळतो’ असं लिहिलं. आईने ते पत्र शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतल्याचं कळलं.

मोबाईलच्या दुकानात कार्डात गाणी भरून मिळायची, ते दिवस. तेव्हापासून मला झोप येऊ लागली. दिवसभर झोपायचो, तरी उठलो की वाटायचं, रात्रभर पोती वाहिली आहेत. डोकं जड, तोंड कोरडं. कामावर उभ्या उभ्या डोळा लागायचा. हिरवी मिरची चावून बघितली, डोळ्यांना पाणी लावून बघितलं. एकदा मिस्तरीच्या ओरडण्याने जागा झालो तेव्हा काचेतलं पाणी खुणेच्या खाली होतं. किती वेळ होतं, ते मला सांगता आलं नाही.

सकाळी मिलच्या मुनीमजींनी बोलावलं.

“पीके आता है क्या तू?”

“नहीं जी.”

“मुंह खोल.” त्यांनी वास घेतला, वास आला नाही, त्याने ते जास्तच चिडले. “बिना पिये सोता है खड़े खड़े? और एक बार दिखा, तो सीधा गांव की गाड़ी में बिठा दूंगा.”

हमालांतला एक म्हणाला, “बिठाने की क्या जरूरत, नींद में ही पहुंच जाएगा.” सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

इकडे खोलीवर दुसरीच भानगड. मावशींची ओसरी आणि माझी खोली यांच्यामध्ये नुसता टिनाचा पत्रा. मावशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओसरीत, मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन, बिड्या वळत बसायच्या आणि मी पत्र्यापलीकडे झोपायचो. दिवसातून कितीदा तरी धडधड पत्रा वाजायचा. मावशी कात्रीने ठोकायच्या. मी दचकून उठायचो, कूस बदलायचो, परत झोपायचो. मला वाटायचं, माझ्या घोरण्याने बाई वैतागली. आज ना उद्या खोली खाली कर म्हणणार. इतक्या लांब दुसरी खोली कोण देणार, म्हणून मी दुपट्ट्याने जबडा डोक्यापर्यंत आवळून बांधायला लागलो, आवाज निघू नये म्हणून. पत्रा आणखी जोरात वाजू लागला.

शेवटी एका दुपारी दार उघडून मावशी आतच आल्या. मी तोंड बांधलेला, उठून बसलो.

“हे काय करून राहिला बे? दात दुखते का?”

दुपट्टा सोडून मी म्हणालो, “तुम्हाला त्रास होतो ना मावशी, घोरण्याचा. म्हणून.”

“अरे बाप्पा! घोरतेस तोवर बरं हाये, मले समजते पोट्टा जित्ता हाये म्हणून. तू गप होतेस ना, तवा माहा जीव जाते. म्हणून ठोकतो पत्रा!”

“गप होतो म्हणजे?”

“श्वासच नाही घेत. माणूस हायेस का पंप? चालू-बंद, चालू-बंद. चाल, दाखवतो तुले.”

ओसरीत सुपाच्या बाजूला तेंदूपत्त्याचे फाटके तुकडे साठले होते. मी थांबलो की एक तुकडा बाजूला, असा हिशोब त्यांनी सकाळपासून धरला होता. मी ढीग मोजायला घेतला, मध्येच सोडला. मी विचारलं, थांबतो म्हणजे किती वेळ? मावशींनी एक पान उचललं, तंबाखू भरली, वळलं, तोंड दाबलं, दोरा गुंडाळून गाठ मारली. “एवढा वेळ,” त्या म्हणाल्या. “कधी कधी दुसरी अर्धी होते.”

मी श्वास रोखून बघितला. बिडी वळून व्हायच्या आतच माझा दम संपला. जागेपणी जे जमत नाही ते झोपेत कसं जमतं, आणि मला पत्ता कसा नाही? त्या दिवशी मला परत झोपायची भीती वाटली.

मावशींनी ते तुकडे पिशवीत भरून दिले आणि दवाखान्यात जा म्हणाल्या. गावात एक तरुण डॉक्टर होते, नागपुरात शिकून आलेले. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देतील. ते हसले नाहीत. तुकडे मोजले. मग विचारलं, “एक बिडी वळायला त्यांना किती सेकंद लागतात?” मला सांगता येईना. “घड्याळ लावून बघून या,” म्हणाले.

बघून आलो. आकडा ऐकून त्यांनी कपाटातून एक छोटं यंत्र काढलं. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. काहीच टोचायचं नाही. पट्टा छाती हलते का बघणार, नळी हवा जाते का बघणार, आणि चिमट्यातला लाल दिवा रक्तात प्राणवायू किती आहे ते बोटातून ओळखणार. “तू जेव्हा झोपतोस तेव्हा लाव. दिवसा तर दिवसा.” बोटातून ते कसं दिसतं, हे मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

यंत्र लावलं आणि झोपच येईना. उभ्या उभ्या झोपणारा मी, गादीवर टक्क जागा. यंत्राला माझी लबाडी कळेल असं काहीतरी वाटत होतं. कसली लबाडी, ते विचारू नका. शेवटी डोळा लागला, तर चिमटा सुटून पडला. मावशींनी बसवला. परत पडला. तिसऱ्यांदा त्यांनी बिडीचा दोरा घेतला आणि चिमट्यासकट बोट बांधून टाकलं, बिडीला मारतात तशी घट्ट गाठ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यंत्रातल्या नोंदीचा कागद काढून बघितला. माझा चेहरा बघितला, परत कागद बघितला. “या यंत्राच्या मते तू दुपारी दोनपासून जिवंतच नव्हतास.” मला खरंच वाटलं. म्हटलं, असेलही. मग त्यांना माझ्या बोटावरचा निळसर वळ दिसला. दोऱ्याने बोटातलं रक्तच अडलं होतं, दिव्याला दिसायला काही उरलं नव्हतं. तेव्हा ते हसले, आणि खूप हसले. मावशींना कळल्यावर त्या नाही हसल्या.

“माह्या हातची गाठ सुटत नाही, हे मले समजाले पाहिजे होतं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला दोरा नाही. मावशी माझ्या गादीशेजारी बसल्या आणि माझं बोट चिमट्यासकट हातात धरून राहिल्या, सकाळपासून ऊन कलेपर्यंत. एका हाताने बिडी वळता येत नाही. सूप तसंच ओसरीत पडून होतं.

या वेळी कागद बोलला. डॉक्टरांनी रेघ दाखवली, इथे हवा थांबली, इथे छाती धडपडते आहे, इथे प्राणवायू उतरला, इथे तू अर्धवट जागा झालास. असं दिवसभर. घसा आतून मिटतो म्हणाले. ती रेघ मी खूप वेळ बघितली. तो धडपडणारा माणूस मी होतो म्हणे, आणि माझी त्याच्याशी कधी भेट नव्हती.

“उपाय आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण तो होईपर्यंत बॉयलरवर जायचं नाही. तुझ्यासोबत बाकीचेही जातील.”

मी हो म्हणालो आणि त्याच संध्याकाळी बॉयलरवर गेलो. मुनीमजींना काय सांगणार? त्यांनी गाडीतच बसवलं असतं. मावशींनी मला डबा घेऊन जाताना बघितलं. सकाळी मिलच्या फाटकावर उभ्या. मुनीमजींसमोर कागद धरून, मोडक्या हिंदीत: “ये पोट्टा दारू नहीं पीता. इसका श्वास बंद होता है. आग के पास मत रखो, नहीं तो तुम्हारी मिल उडेंगी.”

मी तिथेच ओरडलो, “मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?”

“कोणी कायले सांगाले पाहिजे? बोट मी धरलं होतं.”

मुनीमजी कागद उलटसुलट बघत होते. त्यांनाही माझ्याइतकंच कळलं असावं. त्यांनी मला गाडीत बसवलं नाही. दिवसपाळीला, पोत्यांची तोंडं शिवायला टाकलं. बॉयलर मात्र गेला तो गेलाच. आठवडाभर मी मावशींशी बोललो नाही. घरी पत्र लिहिलं नाही, काय सांभाळतो म्हणून लिहू?

डॉक्टरांनी उताणं झोपू नको सांगितलं होतं. अबोला असतानाच मावशींनी माझ्या बनियनला पाठीमागे खिसा शिवला आणि त्यात धान भरलं. उताणा झालो की टोचायचं. पुढे वर्षभराने डॉक्टरांनी नाकावर लावायच्या हवेच्या यंत्राची सोय केली. ते लावून पहिल्यांदा उठलो तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. सकाळ स्वच्छ होती, एवढंच आठवतं.

आजही मी इथेच आहे. मावशींनी त्या दिवशी माझी नोकरी घालवली की मला वाचवलं, हे नक्की ठरवायला मला किती दिवस लागले ते सांगायची लाज वाटते. बॉयलरवर आता दुसरा माणूस आहे. येता-जाता मी त्याच्या डोळ्यांकडे बघतो.

मावशींना आता श्वास लागतो. तंबाखूच्या धुळीने असेल, वयानेही. दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते, मग दचकून परत पान उचलतात. निजा म्हटलं तर म्हणतात, “बिड्यायचे कट्टे कोण बांधन, तू?” मला अजून नीट वळता येत नाही, पण शिकतो आहे. मावशी, त्या दिवशी तुमचं सूप दिवसभर पडून राहिलं होतं, ते मी विसरलेलो नाही. एक दिवस तुम्ही सकाळपासून ऊन कलेपर्यंत निजाल, सूप माझ्या मांडीवर असेल, आणि तुमचा एकेक श्वास मी ऐकत बसेन.