तिची चक्कर आणि माझी

त्या सकाळी कूस बदलताच माझी धाकटी जाऊ किंचाळली आणि पलंगाची कड धरून बसली. खोली गरगर फिरतेय, म्हणाली. तासाभरात सासूबाई तिच्या उशाशी, दिरानं सुट्टी टाकलेली, माझा नवरा नारळपाणी घेऊन हजर. मी आत पोहे परतत होते. काळजी वाटायला हवी होती, पण मी नुसती जळत होते.

कारण चक्कर मलाही यायची, वर्षभरापासून. बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. घरात सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या होत्या, कमजोरी असेल, गूळ-चणे खा.

दुसऱ्या दिवशी दिराला त्याच्या पोलोग्राउंडच्या कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं माझ्यावर आलं. ऑटोत तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, तेही मला आवडलं नाही.

बाईंनी हिंदीतून पुष्कळ विचारलं. किती वेळ फिरतं, कुशीवर वळल्यावरच का, ऐकू कमी येतं का, बोलताना जीभ अडखळते का. मग तिची मान उजवीकडे वळवून तिला झटकन आडवं केलं. तिची बुबुळं थरथरू लागली. कानातले बारीक कण जागेवरून सरकलेत, बाईंनी सांगितलं. मग मान थांबत थांबत दुसरीकडे वळवली, तिला कुशीवर घेतलं, हळूच बसवलं. थोड्या वेळानं पुन्हा आडवं करून पाहिलं, तर काही फिरेना. ती हसली. हिचं दुखणंसुद्धा कसं लाडकं, मला वाटलं, पंधरा मिनिटांत बरं होणारं.

"चक्कर मुझे भी आते हैं," मी जरा भांडल्यासारखंच म्हणाले.

"कमरा घूमता है, या अंधेरा छाता है?"

"अंधेरा. उठने पर."

बाईंनी माझं बीपी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभी राहताच ते बरंच खाली आलं. तुमचं कानाचं नाही, म्हणाल्या, आणि बीपीची गोळी घेता का, कोणती, ते विचारून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. त्यांनी डोस कमी केला, रक्त तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. हळूहळू अंधारी थांबली.

त्या दिवशी घरी आल्यावर सगळे तिच्याभोवती जमले, तेव्हा तीच म्हणाली, "माझं सोडा, ताईंना वर्षभर त्रास होतोय."

सासूबाईंनी लगेच मला खाली बसवलं, पाणी दिलं. वर्षभर मी जे सांगत होते, ते तिनं एकदा सांगितल्यावर ऐकू गेलं. ती मनापासून बोलली होती, हे मला कळतं. तरी ते मला आजही खुपतं.