सळई गार होईपर्यंत

गावडे सर गेले, हे मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. आधी नुसतीच हात जोडलेली चिन्हं दिसली. कोण गेलं ते बघायला वर वर सरकत जावं लागलं... नेरूळला त्यांच्या फ्लॅटवर पोहोचलो तेव्हा त्यांना नेलेलं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "एकटेच असायचे हो." मला ते ठाऊक होतं. महिना होत आला. शोकसभेत मी बोललो ते सगळं खरं होतं, पण एक गोष्ट गाळून बोललो. ती आता लिहितो.

आम्ही दोघं मेकॅनिकलला शिकवायचो. पितळी सळईचा प्रयोग सरांचा लाडका. एका टोकाला हीटर, अंगावर ओळीने तापमापक. सळई तापवायची, मग हीटर बंद करून गार होऊ द्यायची आणि दोन्ही वेळा नोंदी घ्यायच्या. गार व्हायला फार वेळ लागे, म्हणून मुलं तापतानाचेच आकडे उलटे लिहून पळायची आणि सापडायची. कारण हीटर बंद केल्यावरही लांबचं टोक थोडा वेळ तापतच राहतं. "इथे बटण बंद झालं रे बाबा," सर म्हणायचे, "पण ती बातमी त्या टोकाला अजून पोचलेली नाय."

मुलं गेली की सर एकटे बसून उरलेल्या नोंदी घ्यायचे. गावडे वहिनी वारल्यावर ते मलाही थांबवू लागले. "जाधव, बस की. घर काय पळून चाललंय?" मी चुळबुळ केली की म्हणायचे, "साताऱ्याची माणसं तुम्ही. तापायची घाई, निवायची पण घाई." मग गप्प. पंखा फिरत राही. ते गप्प बसणं मला सोसवेना. "आज नको, सर," एवढं तोंडावर म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून मी विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं, वेळ पुरत नाही, गार करायचा भाग काढून टाकू. त्यांनी काढला. सरांना वाटलं, वरून आलं. माझ्यापाशीच म्हणाले, "अर्धाच प्रयोग उरला रे..." मी मान हलवली. निवृत्त झाल्यावर त्यांचे फोन यायचे, "ये कधीतरी." माझ्या तळवलीच्या घरापासून नेरूळ असं काय लांब? नाही गेलो.

परवा तास सुटल्यावर मी लॅबमध्ये मागे राहिलो. हीटर बंद केला आणि बसायला एक लाकडी स्टूल ओढलं. लॅब सांभाळणाऱ्या मंदाताई, सारसोळ्याच्या, निघता निघता म्हणाल्या, "बसा सर. तुमचंच हाय ते. गावडे सर रिटायर होईपरेंत बाजूला मांडून ठेवायचे. कोनाला बसू देत नवते."

"गार करायचं बंद झाल्यावर पण?"

"तवाच तर. आधी तुमी आपले येऊन बसायचे ना."

त्या दिवा तसाच ठेवून गेल्या. मी बराच वेळ उभा होतो.