वरचा आवाज, खालचा आवाज

थावरू गेल्याचा फोन आला तेव्हा वसमतच्या मोंढ्यात माझ्या ट्रकमध्ये हळदीची पोती चढत होती. त्याच्या तांड्यावरचंच कोणीतरी बोलत होतं. छातीत दुखायला लागलं, हिंगोलीला नेईपर्यंत सगळं संपलं... मी हमालांना थांबायला सांगितलं आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. इंजिन बंद होतं, तरी मला टिकटिक ऐकू आली. याला आता दीड महिना झाला. ती अजून येते. डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहेत.

थावरू मिस्त्री होता. कळमनुरीच्या अलीकडे फाट्यावर त्याचं पत्र्याचं शेड. मी पहिला जुना ट्रक घेतला तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, माझं प्रत्येक इंजिन त्यानेच बांधलं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही त्याची आवाज ऐकायची रीत. तेवढ्या वेळात कोणी शिंकलेलंही त्याला खपत नसे. मला यातलं काही कळत नाही हे ओळखून त्याने मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. "माधवराव, वरून टिकटिक आली तर टॅपेट, खालून ठकठक आली तर बेअरिंग. खालचा आवाज आला की गाडी हाय तिथंच बंद करा. वरचा आला तर निवांत या, चहा पिऊन जा." इतकं सोपं होतं हे. माझ्या डोक्यात तेवढंही राहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याने इंजिन नव्याने बांधून दिलं. महिनाभराने हळद घेऊन सांगलीला निघालो आणि वाटेत आवाज सुरू झाला. मी घाबरलो. आवाज वरचा की खालचा हे बघायचंही सुचलं नाही. हायवेवर एक मोठं, फरशी बसवलेलं गॅरेज दिसलं, तिथे गाडी घातली. तिथल्या उस्तादाने मला समोरच्या ढाब्यावर जेवायला पाठवलं. जेवून आलो तर आवाज गायब, आणि त्याच्या हातात एक काळवंडलेलं, ओरखडे पडलेलं बेअरिंग, कडेला टवका उडालेला. "देखो सेठ, पुराना माल डाला था आपके मिस्त्री ने." मी विश्वास ठेवला. का ठेवला, याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं आणि ते चांगलं नाही. फरशीवरचा माणूस खरा आणि तांड्यावरचा खोटा, हे माझ्या मनात कुठेतरी आधीपासूनच होतं.

परत आलो तो थेट कळमनुरीच्या आठवडी बाजारात. हॉटेलासमोरच्या बाकड्यावर थावरू चहा घेत बसला होता. चारचौघांत मी त्याला चोर म्हणालो. माझं नवं बेअरिंग विकून खाल्लंस, म्हणालो. त्याने कप खाली ठेवला. "गाडी आणा. आवाज ऐकतो, मंग बोला." एवढंच. गाडी शंभर पावलांवर उभी होती. मी आणली नाही. रागात माणूस फार रुबाबात असतो, मीही होतो. हळूहळू ट्रकवाले त्याच्याकडे जाईनासे झाले. शेड बंद पडलं आणि त्या वयात तो नांदेडला दुसऱ्याच्या हाताखाली कामाला जाऊ लागला.

गेल्या उन्हाळ्यात टायरमध्ये हवा भरायला म्हणून पुन्हा त्याच गॅरेजात थांबलो. उस्ताद दुसऱ्या एका ड्रायव्हरला बेअरिंग दाखवत होता. काळवंडलेलं, ओरखड्यांचं, कडेला तोच टवका. बाकड्याखालून काढायचं, दाखवायचं, परत ठेवून द्यायचं... मलाही त्याने हेच दाखवलं होतं. त्या ड्रायव्हरला सावध न करताच मी हवा भरून निघालो.

सांगलीहून येताच थावरूच्या घरी गेलो. रविवार होता. माफी मागायची होती. म्हणालो, "गाडीचा जरा आवाज येतोय, बघतोस का?" येतही होता थोडासा. त्याने पेचकस कानाला लावला. "वरचा हाय," म्हणाला, आणि टॅपेट नीट करून दिले. मग न सांगताच गाडीखाली शिरला. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बसवलं की त्याच्या बोल्टांवर तो पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. कोणी खोललं की रेघ तुटते, आणि चेंबर काढल्याशिवाय बेअरिंगपर्यंत हात पोचत नाही. तो बाहेर आला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रेघ साबूत हाय."

म्हणजे त्या गॅरेजात बेअरिंगला कोणी हातच लावला नव्हता, नुसते टॅपेट नीट करून आवाज घालवला होता. मी तेव्हाच त्याचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "ऊन फार आहे यंदा."

"व्हय," तो म्हणाला. ती आमची शेवटची भेट.

तो गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोला, शांताबाईंना, सगळं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत. "भाऊ, त्यायला तर ठाऊकच होतं. मला काहून सांगून राहिले? बाजारात बोलले होते ना तुमी, तिथं सांगा."

पुढच्याच बाजारी गेलो. त्याच हॉटेलासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, थावरूने चोरी केली नव्हती, खोटा मी होतो. लोक वळून बघत राहिले. चहावाला नवा होता, त्याने विचारलं, "कोन थावरू?" मी फाट्यावरचं शेड सांगितलं. बाकड्यावरच्या एकाला आठवलं. "तो व्हय," तो म्हणाला, "सामान चोरायचा तो."

मी पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली आणि चहा पिऊ लागला.

आता चेंबरच्या पॅकिंगमधून तेल गळतंय. नवा मिस्त्री म्हणतो, खोलावं लागेल. मी रोज सकाळी वरून तेल टाकतो आणि गाडी बाहेर काढतो. असं फार दिवस चालणार नाही हे मलाही कळतं. पण ती रेघ तुटली, की थावरू खरा होता हे सांगणारा मी एकटाच उरेन.