दर्यावर गेलेल्याचं नाव

“माज्या पोराचा नाव काढ त्यातून.”

“हौसामावशी, कादंबरी आहे ती. खोटी गोष्ट.”

“खोटी हाय तर खोटा नाव घाल.”

उत्तनहून शांती नगरात मासे विकायला येणारी हौसामावशी निशिगंधाच्या दारातच उभी होती. निशिगंधा बँकेतली नोकरी सांभाळून रविवारी आपली पहिली जादूची कादंबरी लिहायची. कॅलेंडरच्या पाठीवर तिने आधी समुद्राचा नकाशा काढला. मग जादूचा नियम ठरवला: समुद्र काही देतो, तेव्हा बदल्यात एक माणूस घेतो. नावं मात्र सुचेनात, म्हणून बुडणाऱ्या नावाड्याला तिने मावशीच्या मुलाचं नाव दिलं, आणि कौतुकाने आत्ताच तो प्रसंग तिला वाचून दाखवला.

“माजा हरेश दर्यावर हाय. दर्यावर गेलेल्याचा नाव आमी मरणाच्या गोष्टीत घेत न्हाय.”

“नाव बदललं तर माझं पात्रच मरेल, मावशी.”

“आन न्हाय बदलला तर?”

 निशिगंधा पेन उचलून पानभर नाव खोडत गेली.

“घ्या, काढलं. पण हरेश कालच यायचा होता ना?”

मावशीने टोपली डोक्यावर घेतली आणि उरलेले मासे न विकताच जिना उतरून बंदराची वाट धरली.