बेडकाच्या पुस्तकाचा कोपरा

ओसाकातल्या आमच्या लायब्ररीत फाटकी बालपुस्तकं चिकटवायला एक आजी येतात. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. पान नीट चिकटलं की स्वतःच टाळ्या वाजवतात. एखादं पुस्तक कोरं करकरीत दिसलं की मात्र हळहळतात, "बिचारं! कुणाला आवडलंच नाही."

माझ्या दहा महिन्यांच्या लेकीनं तिचं लाडकं बेडकाचं पुस्तक परत चावलं, तेव्हा मी मिठाईचा बॉक्स घेऊन, कमरेत वाकून माफी मागायला गेले. आजींनी चावलेला कोपरा उजेडात धरला आणि ताडकन उठून सगळ्या स्टाफला हाका मारल्या. मला वाटलं, गेलं आता आपलं कार्ड!

"अहो, या, बघा तरी!" आजी ओरडत होत्या. "मागच्या वेळी दोनच दात होते. आता चार झालेत!"