तांड्यावरचे दोन शब्द

आता ही फजिती सांगावी तरी कोणत्या तोंडाने? पण चहा पुढे आला आहे आणि तुम्हीही हसायला टपलेलेच आहात, तेव्हा ऐका.

मी सेनगावच्या एका शाळेत संस्कृत शिकवतो. आमचे क्रीडाशिक्षक शेख सर सूचनाफलकावर ‘उद्या ग्राउंडवर टी-शर्ट कंपल्सरी’ असे लिहितात आणि माझे रक्त तापते. पुसेगाव रस्त्यावर पाच किलोमीटर जाऊन परत, अशी गावाची दीर्घधाव ठरली, तेव्हा मी त्यांना आव्हानच दिले. मी आधी पोचलो, तर वर्षभर फलक शुद्ध मराठीत!

“मंजूर,” शेख सर म्हणाले. “अन् मी आधी पोचलो, तर वर्षभर सकाळची कवायत तुमी घ्यायची. हाफपँट घालून!”

“अर्धी विजार म्हणा.”

“काय बी म्हणा सर, घालावी तर तुमालाच लागंल!”

पन्नाशीपुढच्यांना अर्धा तास आधी सोडणार होते. पन्नाशीपुढचा मी एकटाच! निघालो. दोन्ही बाजूंना सोयाबीन. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. यशाचे इतके निर्मनुष्य रूप मी पूर्वी पाहिले नव्हते.

तिसऱ्या किलोमीटरवर बंजाऱ्यांचा एक तांडा लागला. रस्त्याच्या कडेला मांडव, त्यात ध्वनिक्षेपक, आणि तांड्याचे नायक रामजीभाऊ शाल घेऊन उभे.

“आला रे आला! पयला गडी आला!”

“नायक, मी वास्तविक…”

“लाजू नका सर. आमी पहाटेपासून वाट पाहून राहिलो.”

आपल्याला अर्धा तास आधी सोडले आहे, हे मी तत्क्षणी सांगायला हवे होते. नव्हे का? पण तोवर खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, डोक्यावर फेटा चढू लागला. अशा वेळी नकार देणे म्हणजे तांड्याचा अपमान, असे मी मनाला समजावले. मन फार लवकर समजले.

“सर, आता दोन शब्द होऊन जाऊ द्या.”

तुम्हीच सांगा, ज्याने तीस वर्षे घंटा होईपर्यंत बोलण्याचे व्रत पाळले, त्याच्या हाती ध्वनिक्षेपक द्यावा काय?

मी धावण्याचे महत्त्व सांगू लागलो. उभा राहून!

प्रस्तावना रंगात आली आणि तरुण धावपटू समोरून जाऊ लागले. म्हटले, जाऊ द्या, समारोप करून गाठतोच! मग शेख सर दिसले. दोन्ही हात हलवत ओरडले, “ओ सर! काहून थांबले? चला की!”

केवढे हे सौजन्य! मी भारावून घोषणा केली, “आमचे सहकारी शेख सर समोरून जात आहेत. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्या झाल्या. शेख सरांचा वेग वाढला.

मी ‘सातत्य’ या दुसऱ्या मुद्द्याकडे वळलो. तो संपवून तिसऱ्याला हात घालणार, तोच नायकांनी माझी शाल ओढली.

“सर…”

“एकच मिनिट, नायक.”

“अहो सर, ते परतून बी आले!”

पाहतो तो, शेख सर पुसेगावकडून परत येत आहेत! या खेपेस टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

नंतरचे सात किलोमीटर मी फेटा, शाल आणि नारळ यांसह धावलो, असे म्हणू या. चाललो, हा शब्द अधिक अचूक आहे. सेनगावात पोचलो तेव्हा मांडववाले बांबू उपटत होते. शेख सर खुर्चीवर चहा पीत बसले होते.

“या सर. तिसरा मुद्दा राहिला का हो?”

सोमवारी फलक झळकला: ‘टुडे मॉर्निंग ड्रिल – संस्कृतचे सर’. शब्द दिला होता. अर्धी विजार घालून मैदानावर उभा राहिलो. मुले रांगेत सज्ज, शिट्टी माझ्या हातात.

“कवायतीपूर्वी,” मी म्हणालो, “तिच्याविषयी केवळ दोन शब्द…”

घंटा झाली तेव्हा एकाही मुलाचा हात खांद्यापर्यंत गेलेला नव्हता. मैदानाच्या कडेला मात्र शेख सर उभे राहून टाळ्या वाजवत होते.